मदत हवी आहे: उंदरांवरील आहार-प्रयोगाचा अर्थ कसा लावावा?
व्हँकुव्हरच्या जेरल्ड क्रिस्टल यांच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, १५ टक्के कर्बोदके आणि ५८ टक्के प्रथिने असलेल्या आहारावरील उंदरांच्या कर्करोगाच्या गाठी, ५५ टक्के कर्बोदके खाणाऱ्या उंदरांपेक्षा सावकाश वाढल्या. हे वाचून, सध्या केमोथेरपी घेत असलेल्या माझ्या मावशीने भाकरी-भात सोडून अंडी आणि पनीर यांवरच भर दिला आहे. वजन मात्र उतरू लागले आहे. उलट, २०१८ मधील एका अभ्यासात नुसत्या किटोजेनिक (म्हणजे कर्बोदके अगदीच कमी असलेल्या) आहाराने उंदरांमधील रक्ताचा कर्करोग बळावला होता (तो आहार स्निग्धप्रधान असतो, हा फरक मान्य). तेव्हा पहिल्या प्रयोगाचे श्रेय कर्बोदके घटवण्याला द्यावे की प्रथिने वाढवण्याला, आणि मावशीच्या आहारतज्ज्ञांना नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.