लेखापालाच्या पहिल्या नोकरीला ‘दोन वर्षांचा अनुभव’ कशासाठी?

कच्ची_तेरीज :

मी लातूरमधून बी.कॉम. झालो, टॅली आणि जीएसटीचा तीन महिन्यांचा वर्ग केला आणि गेले चौदा महिने पुण्यात मित्राच्या खोलीवर राहून ‘अकाउंट्स असिस्टंट’ या पदासाठी अर्ज करतो आहे. अर्जांची मी एक वही ठेवली आहे. तीत आज ८३ नोंदी आहेत. त्यांपैकी अकरा ठिकाणी मुलाखतीला बोलावणे आले आणि अकराही ठिकाणी गाडी एकाच प्रश्नावर येऊन थांबली : “आधी कुठे काम केले आहे?”

माझा आक्षेप नकाराला नाही, अटीला आहे. पद सहायकाचे, पगार बारा-चौदा हजार, काम खरेदी-विक्रीची व्हाउचरे भरण्याचे, बँकेची जुळवणी करण्याचे आणि बिले फायलीला लावण्याचे. आणि त्यासाठी ‘किमान दोन वर्षांचा अनुभव’. ज्याच्या गाठीशी खरोखर दोन वर्षे आहेत तो बारा हजारांवर का येईल? एका ठिकाणी मला सांगण्यात आले की सहा महिने बिनपगारी शिका, मूळ गुणपत्रिका आमच्याकडे ठेवा, मग पाहू. ते सहा महिने खोलीभाडे आणि मेस कोण भरणार, हे विचारल्यावर मुलाखत संपली.

माझे मत मी स्पष्ट मांडतो. नव्या माणसाला शिकवण्याचा खर्च हा धंद्याचा खर्च आहे, आणि अनुभवाची अट लावून तो उमेदवाराच्या घरावर टाकला जातो. हे अन्यायाचे आहे असे मला वाटते. आपल्याला काय वाटते?

भोसरी_वर्कशॉप :

आपला त्रास खरा आहे, परंतु अट लावणाऱ्याची बाजूही ऐकून घ्यावी, कारण ती अट मीही लावतो.

आमचे चौदा माणसांचे, जॉबवर्कचे प्रायव्हेट लिमिटेड वर्कशॉप आहे आणि हिशोबाला एकच माणूस परवडतो. तीन वर्षांपूर्वी मी एका हुशार, पण नवख्या मुलाला घेतले. आमच्या यादीत जवळजवळ सारख्याच नावाच्या दोन पार्ट्या होत्या, एक चाकणची आणि एक चिंचवडची. त्याने चाकणच्या पार्टीचे १,५०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी असे बिल चिंचवडच्या लेजरला टाकले आणि जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे मासिक विवरणपत्र, तसेच भरले गेले. चाकणच्या पार्टीने आपले २बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांचे पोर्टलवरचे विवरण, उघडले तेव्हा त्यात आमचे बिल नव्हते, म्हणजे २७,००० रुपयांचे क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) तिला मिळत नव्हते, आणि आता २बीमध्ये दिसल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. तिने पूर्ण १,७७,००० रुपये अडवून ठेवले. पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात दुरुस्ती होऊन पैसे हाती येईपर्यंत दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांत कामगारांचे पगार मी ओव्हरड्राफ्टमधून केले.

त्या मुलाला मी रागावलो नाही. त्याच्या शेजारी बसून तपासणारे कोणीच नव्हते, ही चूक माझी होती. पण बसणार कोण? सात तारखेला टीडीएसचा भरणा, अकराला जीएसटीआर-१, पंधराला पीएफ, वीसला ३बी, म्हणजे कर भरण्याचे विवरणपत्र. वीस तारीख चुकली तर दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क आणि भरायच्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. त्यात १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे सक्तीचे झाले आहे, त्यामुळे केलेली प्रत्येक दुरुस्ती ऑडिटरसमोर उघडी असते. त्या मुलाला आठ महिने शिकवले आणि ऐन मार्चमध्ये तो तीन हजार जास्त देणाऱ्याकडे गेला. त्याच्या जागी मीही गेलो असतो. परंतु तेव्हापासून मी अनुभवी माणूसच मागतो.

खतावणी_सांगली :

मला दोन्ही बाजू पटतात, पण धागाकर्त्यांनी वाट पाहण्याची जागा बदलावी असे वाटते. अनुभव म्हणजे कंपनीच्या लेटरहेडवरचे पत्रच असते, असे नाही.

मीही शिक्षणानंतर वर्षभर घरी होते. त्या काळात मामांच्या हार्डवेअरच्या दुकानाचे हिशोब मी मागून घेतले. ते बिलबुके भरून वर्षाच्या शेवटी कर सल्लागाराकडे नेऊन देत असत. मी एप्रिलपासूनची सगळी बिले टॅलीत चढवली, उधारीची यादी काढली आणि दर महिन्याला बँकेचा ताळमेळ घातला. हे काम पाहून शेजारच्या दोन दुकानदारांनीही आपापली बिले आणून दिली.

पुढे एका खासगी कंपनीत मुलाखत झाली. साहेबांनी अनुभवाचे विचारलेच नाही. त्यांनी दोन कागद पुढे ठेवले. आमच्या पुस्तकाप्रमाणे बँकेत २,४१,३०० रुपये शिल्लक होते आणि बँकेच्या उताऱ्यात २,५३,७१०. फरक १२,४१० रुपयांचा होता. पुस्तकात १३,००० रुपयांचा एक धनादेश दिलेला दिसत होता, तो अजून वटला नव्हता. मग ५९० रुपये उलट बाजूने उरतात. उताऱ्यात नेमकी तेवढीच एक रक्कम वजा होती आणि तिच्यापुढे फक्त ‘सीएचजी’ असे लिहिले होते. ५०० वर १८ टक्के म्हणजे ९०. तेव्हा ५०० बँक शुल्काला नावे टाकायचे आणि बँकेकडे आपला जीएसटी क्रमांक नोंदलेला असेल तर ९० चे क्रेडिट घ्यायचे, असे मी सांगितले. त्यांनी विचारले, “हे कुठे शिकलात?” मी मामांच्या दुकानाचे नाव सांगितले. त्याच आठवड्यात नेमणूक झाली.

पुस्तकातल्या उदाहरणात ‘बँकेने शुल्क आकारले’ असे वाक्य छापलेले असते. खऱ्या उताऱ्यात ते वाक्य आपल्याला शोधावे लागते. म्हणून सांगते, कोणाचे तरी खरे हिशोब मिळवा.

कच्ची_तेरीज :

खतावणी ताई, आपण मनापासून लिहिले आहे आणि त्या ५९० रुपयांची गोष्ट मी वहीत उतरवून घेतली आहे. पण आपल्याला मामांचे दुकान होते. माझे वडील शेतकरी आहेत आणि आमचे सगळे नातेवाईकही शेतकरीच आहेत. आमच्या घरचा हिशोब कृषी सेवा केंद्राच्या उधारीच्या वहीत असतो, आणि ती वही दुकानदाराकडे असते. ज्याच्या घरात दुकान आहे त्याला अनुभव घरबसल्या मिळतो आणि ज्याच्या घरात नाही त्याने तो आणायचा कुठून, हा माझा मूळ प्रश्न तसाच राहतो. पुण्यात तीन दुकानदारांना मी विनामूल्य काम करण्याविषयी विचारले. तिघांनीही नको म्हटले, आणि त्यांचेही चूक नाही, कारण अनोळखी मुलाच्या हाती कोणी आपली उलाढाल देत नाही.

भोसरीच्या सरांना एकच विचारावेसे वाटते. तो मुलगा तीन हजारांसाठी गेला, तर आठव्या महिन्यापर्यंत त्याच्या कामाची किंमत तीन हजारांनी वाढलेली होती, असाच त्याचा अर्थ होत नाही का? ती आपणच का दिली नाही?

सनदी_नाशिक :

मी सनदी लेखापाल आहे आणि माझे लहानसे कार्यालय आहे. माझे मत दोघांपेक्षा थोडे वेगळे आहे.

‘दोन वर्षांचा अनुभव’ या शब्दांवर मालकांनी इतका विश्वास ठेवू नये. तीन वर्षांचे प्रमाणपत्र घेऊन आलेली माणसे मी पाहिली आहेत, ज्यांनी तीन वर्षे फक्त विक्रीची व्हाउचरे भरली आणि ज्यांना ताळेबंदात सस्पेन्स खात्यावर (न जुळलेला फरक तात्पुरता ठेवण्याचे खाते) रक्कम का उभी राहिली हे शोधता येत नाही. माझ्या वडिलांकडे एक वृद्ध दिवाणजी होते. तेरजेत (सर्व खात्यांच्या शिल्लकांच्या यादीत) फरक आला की ते आधी त्या फरकाला नवाने भागून पाहत. नि:शेष भाग गेला तर एखाद्या रकमेतले अंक उलटे लिहिले गेले असण्याचा संभव मोठा, उदाहरणार्थ ५,६७० च्या जागी ५,७६०. ही नजर वर्षे मोजून येत नाही, चुका शोधून येते.

मात्र धागाकर्त्यांच्या एका मताशी मी असहमत आहे. सुरुवातीचे वर्ष कमी पैशांवर काढणे म्हणजे शोषणच, असे ते गृहीत धरतात. सीएच्या कार्यालयात वर्षभरात किराणा दुकानापासून रुग्णालयापर्यंत वीस-पंचवीस धंद्यांची पुस्तके हातांखालून जातात, आणि एका कंपनीत पाच वर्षे बसून ते मिळत नाही. शिवाय १ जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप, म्हणजे सीए होऊ पाहणाऱ्यांचे कार्यालयातले सक्तीचे प्रशिक्षण, तीन वर्षांवरून दोन वर्षांची झाली. शिकून तयार झालेले आर्टिकल आता वर्षभर लवकर जातात, म्हणून माझ्यासारख्यांना बी.कॉम. झालेल्या मुलामुलींची गरज पूर्वीपेक्षा जास्त भासते. मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती पाहण्यापेक्षा त्यांनी आमची दारे ठोठवावीत. पहिल्या वर्षी मी आठ हजार देतो आणि त्याची मला लाज वाटत नाही, कारण पहिले चार महिने त्यांचे प्रत्येक काम मी पुन्हा तपासतो.

पुस्तपालन_शिक्षक :

सनदी महोदयांनी लाज वाटू देऊ नये, परंतु आकड्याचा विचार करावा. आठ हजारांत नाशिकमध्ये स्वतःच्या घरी राहणारा मुलगा शिकू शकतो. सुरगाण्याहून आलेल्या मुलीला त्यात वसतिगृह आणि जेवण भागवता येत नाही. आपण गुणवत्ता निवडतो असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात ज्याला घरून पैसे येतात तो निवडला जातो.

मी एकवीस वर्षे अकरावी-बारावीला पुस्तपालन व लेखाकर्म शिकवतो, म्हणून दोषातला आमचा वाटाही मांडतो. आमचा विद्यार्थी तेरीजपत्रकावरून अंतिम खाती सुरेख तयार करतो, पण त्या तेरजेत सर्व रकमा आम्हीच नीट लावून दिलेल्या असतात. खरे बिल, ज्यावर हमाली वेगळी लिहिलेली आहे, तारीख पुसट आहे आणि शिक्का सहीवर पडला आहे, असे बिल तो पदवी मिळेपर्यंत हातात धरत नाही. गेल्या वर्षी मी माझ्या घरची वर्षभराची वीजबिले, औषधांची आणि वाण्याची बिले वर्गात नेली आणि त्यांवरून रोजकीर्द लिहायला सांगितली. पहिल्या तासाला निम्मा वर्ग एका बिलावर अडला, कारण त्यात दोन वेगवेगळ्या दरांचा जीएसटी होता. चौथ्या तासाला कोणीही अडले नाही. चार तासांत जे होते त्यासाठी दोन वर्षांची अट लावली जाते, याचे मला दुःख होते.

एक माहितीही द्यावीशी वाटते. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे आणि तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे, म्हणजे भोसरीच्या वर्कशॉपलाही हा मार्ग खुला आहे. शिकाऊ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फिटर आणि वेल्डर येतात, परंतु वाणिज्य पदवीधरही त्यात बसतात. राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठेवले होते. मालकाला पगाराचा भार नको असेल, तर बिनपगारी ठेवण्यापेक्षा हे मार्ग आधी चाचपून पाहावेत.

भोसरी_वर्कशॉप :

तीन हजारांच्या प्रश्नाचे उत्तर देणे मला भाग आहे. त्या मुलाने ते मागितलेच नाहीत, थेट राजीनामा ठेवला; आणि त्याने मागावेत अशी वेळही मी कधी आणली नाही. सहाव्या महिन्यात मी स्वतःहून विषय काढला असता तर तो थांबला असता, असे आज वाटते.

तरीही एक गोष्ट मी सोडणार नाही. शिकवल्यावर माणसाने किमान एक वर्ष, आणि त्यातही एक मार्चअखेर, पूर्ण काढली पाहिजे. वर्षअखेरीच्या नोंदी अर्धवट टाकून गेलेल्या माणसाचे काम दुसऱ्याने उचलणे फार कठीण असते. घसारा कोणत्या दराने धरला, कोणत्या पार्टीशी काय तोंडी ठरले, हे सगळे त्याच्याच डोक्यात असते.

खतावणी ताईंच्या साहेबांनी घेतली तशी चाचणी घेण्याची कल्पना मला मान्य आहे. दोन कागद आणि अर्धा तास, एवढे मी करू शकतो.

कच्ची_तेरीज :

एक वर्षाचे मी लेखी द्यायला तयार आहे, मार्चअखेरीसह. मूळ गुणपत्रिका मात्र कोणाकडेही ठेवणार नाही, कारण ती अडकली तर मी दुसरा अर्जही करू शकत नाही. सनदी सरांचे म्हणणे मी मानतो आणि उद्यापासून सीएंच्या कार्यालयांत स्वतः जाऊन विचारणार आहे. पण आठ हजारांत पुण्यात राहता येत नाही, हे मी चौदा महिने अनुभवले आहे. खोलीतला माझा वाटा आणि मेस यांतच साडेसात हजार जातात.

सनदी_नाशिक :

शिक्षक महोदयांचा सुरगाण्याचा मुद्दा मी आजवर विचारात घेतला नव्हता. आठ हजारांचा आकडा माझ्या मनात कधीचा बसला आहे, हे शोधू गेलो तर तो जीएसटी येण्यापूर्वीचा, म्हणजे २०१७ च्या आधीचा निघाला. तो बदलावा लागेल. तरीही पहिल्या दिवशी अनुभवी माणसाइतका पगार द्यावा, हे मला मान्य नाही.

भोसरी_वर्कशॉप :

गुणपत्रिका मी कधीही ठेवून घेतलेली नाही आणि घेणारही नाही. ऑडिटचे काम ३० सप्टेंबरच्या आसपास संपते, त्यानंतर ऑक्टोबरमध्ये माझ्याकडे सहायकाची एक जागा निघेल. त्या जाहिरातीत वर्षांची अट न घालता चाचणी ठेवीन. पगाराचा आकडा मात्र चाचणी पाहूनच सांगेन.

खतावणी_सांगली :

आकडा चाचणीनंतर ठरवायचा असेल तरी किमान आकडा जाहिरातीत लिहावा, ही विनंती. अर्ज करणारा एखादा लातूरहून रात्रीच्या गाडीने येणार असतो, आणि ते तिकीट काढायचे की नाही हे त्याला त्या आकड्यावरूनच ठरवायचे असते.