मदत हवी आहे: जुन्या वूडस्टोव्हच्या आतल्या विटा गेल्यात, अस्तर कोरडं बसवू की फायरक्ले (उष्णता सोसणारी माती) लावून?

नमस्कार मंडळी,

आम्ही व्हरमाँटमध्ये राहतो. गेल्या वर्षी घेतलेल्या जुन्या घरात फिशर कंपनीचा ‘मामा बेअर’ वूडस्टोव्ह आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत लाकडाच्या शेगड्या पुन्हा घरोघरी आल्या, त्या काळातला. जाड पोलादी प्लेटा वेल्ड केलेल्या, माथा पायरीसारखा दोन टप्प्यांचा, एकच ओतीव दार.

घराचा बॉयलर तेलावर चालतो, पण त्याचा पंप विजेवर. जानेवारीत बर्फाच्या वादळात दीड दिवस वीज नव्हती. आई भारतातून आलेली, मुलगी चार वर्षांची. सगळे एका खोलीत रजया घेऊन बसलो होतो. ती रात्र मला पुन्हा नको आहे, म्हणून यंदा थंडीआधी ही शेगडी नीट करायचीच.

काल सगळी राख उपसली. डाव्या बाजूच्या दोन विटा नाहीतच. मागची एक तीन तुकड्यांत. तळाच्या पुढच्या रांगेत कुणीतरी बांधकामाच्या साध्या लाल विटा घातलेल्या, त्या बोटांनी चुरल्या जातात. आणि ज्याची खरी काळजी वाटते ते असं: डावीकडे नेमकं जिथे वीट नाही तिथेच पोलाद बाहेर फुगलंय. बाहेरून पट्टी लावली तर ती डुगडुगते.

माझे बाबा कोल्हापूरला उद्यमनगरात फाउंड्रीत होते. क्युपोलाचं (लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीचं) अस्तर त्यांनी आयुष्यभर केलं. फोनवर म्हणाले, “फायरक्ले कालवून लाव, सांधा जितका पातळ तितका चांगला. कोरड्या विटा हलतात.” इथले शेजारचे आजोबा चाळीस वर्षं लाकूड जाळतायत, ते म्हणतात काहीही लावू नको, नुसत्या उभ्या कर. दोघांच्याही शब्दाला माझ्या लेखी किंमत आहे, त्यामुळे अडलोय.

दुकानात ९ × ४½ × १¼ इंचाच्या विटा मिळतात, दोन जातींच्या: एक जड, पिवळसर, आणि एक हलकी, प्युमिसची (सच्छिद्र ज्वालामुखी दगडाची). कुठली घेऊ? कोपऱ्यात अर्धी वीट लागेल, ती कशी कापतात? आणि फुगलेली प्लेट चालेल का?

प्रतिसाद (कोल्हापूरहून)

दादा, बाबांचं चुकलेलं नाही, फक्त भट्टी वेगळी आहे. क्युपोलातून वितळलेलं लोखंड १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापून बाहेर पडतं. मळी (लोखंडावर तरंगणारा वितळलेला मळ) सांध्यात शिरली की अस्तर खाते, म्हणून सांधा बंदच हवा. शिवाय तिथे प्रत्येक हीटनंतर (वितळवणीच्या फेरीनंतर) आत उतरून डागडुजी होतेच.

तुमच्या शेगडीत वितळलेलं काही नाही. ती रोज तापते, रोज निवते. पोलाद आणि वीट सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. सगळं चिकटवून टाकलंत तर वीटच तडकणार, आणि पुढे एक बदलायची वेळ आली तर शेजारच्या दोन फुटणार. कोरड्याच बसवा, ठासून नको, किंचित सैल. बाबांना हे असंच सांगा, त्यांना लगेच पटेल.

प्रतिसाद (न्यू हॅम्पशायरहून)

आधी प्लेट. रात्री अंधार करून प्रखर टॉर्च आत ठेवा, दार लावा आणि बाहेरून प्रत्येक वेल्डजवळ डोळा नेऊन बघा. कुठेही उजेड झिरपला तर वेल्डर बघेपर्यंत आग लावू नका. फट नसेल तर एवढा फुगवटा बहुधा चालून जातो, पण वीट लावल्याशिवाय मात्र पेटवू नका. तो फुगवटा वीट नसल्यामुळेच आलाय.

वीट जडच घ्या, जुन्या जशा आहेत तशीच. हलकी वीट उष्णता आत अडवते खरी, पण मऊ असते, ओंडका आपटला की खळगा पडतो.

कापताना वीट ओली करा, ग्राइंडरने चारही बाजूंनी खाच पाडा आणि छिन्नीवर हलका ठोका द्या. धूळ सिलिकाची, मास्क हवाच. हे अंगणात करा, लेकीला दूर ठेवून.

जुन्या विटा काढण्याआधी फोटो घ्या, कुठली कुठे टेकते ते नंतर आठवत नाही. आणि शेगडीमागे भिंतीला राखाडी पुठ्ठ्यासारखा जुना बोर्ड असेल तर त्याला हात लावू नका. त्या काळी तिथे अ‍ॅस्बेस्टॉस वापरत.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. टॉर्च लावून पाहिली, कुठेच उजेड नाही. मागे तसा बोर्ड आहे, तपासून घेतोय, तोवर शेगडी गारच. जड विटांची दोन खोकी आणली, पहिली वीट कापताना वाया गेली, दुसरी सरळ निघाली. बाबा व्हिडिओ कॉलवर होते. त्यांना कारण सांगितलं तर थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “बरोबर आहे, रोज निवणार ती.” आणि मग प्रत्येक कोपरा मला कॅमेऱ्यासमोर धरायला लावला.

गुरुवारी धुराडं साफ करणारे येतायत, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही आणलाय. नव्या विटांतला ओलावा जायला पहिले काही जाळ लहानच ठेवायचे हे माहीत आहे. किती वेळा लहान जाळ केलात ते कुणी सांगेल का?