4 एमबीचा राउटर भरला, आता बाबांच्या कॅसेटी कशा ऐकवायच्या?

गानवर्ग_लष्कर

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरहून लिहितेय. लष्करात दौलतगंजला आमचा जुना वाडा आहे, दगडी, भिंती दोन-दोन फुटांच्या. दिवाणखान्यातलं वायफाय मागच्या चौकापर्यंत पोचतच नाही. म्हणून माझ्या भाच्याने मागच्या ओसरीवर टीपी-लिंकचा जुना एमआर3420 (आवृत्ती 2) पुढच्या राउटरला तारेने जोडून ठेवला आणि त्यात ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत लिनक्स प्रणाली) 18.06 टाकून दिलं. भाचा आता नोकरीला बंगळूरला आहे, सांभाळायला मीच.

माझे बाबा गायचे. त्यांच्या रियाझाच्या आणि घरच्या बैठकींच्या 74 कॅसेटी होत्या, बहुतेक नव्वद मिनिटांच्या. गेला पावसाळाभर बसून मी त्या एकेक करून संगणकावर उतरवल्या, सगळं मिळून सहा जीबीच्या थोडं वर भरलं. माझी आत्या एक्क्याऐंशी वर्षांची आहे, मागच्या खोलीतच असते, गुडघ्यांमुळे पुढे येणं होत नाही. या राउटरला यूएसबीची खोबण आहे. तिथे 16 जीबीचा पेनड्राइव्ह लावावा आणि आत्याने तिच्या टॅबवर हवी ती बंदिश लावावी, एवढीच इच्छा.

आता घोळ सांगते. पेनड्राइव्हसाठी लागणारी पॅकेजं टाकायला गेले. यूएसबी-स्टोरेज बसलं, ब्लॉक-माउंट बसलं, ईएक्सटी4 (पेनड्राइव्हवरची फाइल-व्यवस्था वाचणारं पॅकेज) च्या वेळी ‘डिव्हाइसवर जागा नाही’. डीएफ (मोकळी जागा दाखवणारी आज्ञा) चालवून पाहिलं तर ओव्हरले, म्हणजे नवं काही लिहायची जागा, एकूण 384 केबी, आणि शिल्लक जवळपास शून्य. म्हटलं, नको ते काढू. पीपीपी (इंटरनेट जोडणीचं पॅकेज) काढलं, आयपीव्ही6 (नव्या पद्धतीचे नेटचे पत्ते) चं सामान काढलं. जागा वाढायची सोडून उलट अजून कमी झाली! हे मला अजिबात कळलेलं नाही. त्याच संध्याकाळी वायफायचा पासवर्ड बदलून सेव्ह केला, रात्री लाइट गेली, आणि परत आली तेव्हा वायफायच गायब. आत शिरून पाहिलं तर वायरलेसची सेटिंगची फाइल रिकामी, शून्य बाइट.

फेलसेफमध्ये (राउटर बिघडला तर आत शिरायची आपत्कालीन वाट) जाऊन सगळं पुसलं, सध्या वायफाय चालू आहे. पण पेनड्राइव्ह टेबलावरच पडलाय. या राउटरवर हे होण्यासारखं आहे का? की नाद सोडावा?

खटपट_इंदूर

ताई, होण्यासारखं आहे. नाद सोडू नका. पण वाट वेगळी धरावी लागेल. आधी जागा का कमी झाली ते सांगतो, कारण तेच कळलं की पुढचं सोपं आहे.

त्या राउटरच्या फ्लॅश चिपमध्ये एकूण 4 एमबी, म्हणजे 4096 केबी. त्यातले पहिले 128 केबी बूटलोडरचे (राउटर सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम). शेवटचे 64 केबी ‘एआरटी’चे, त्यात तुमच्या राउटरच्या रेडिओचं कारखान्यात केलेलं मोजमाप असतं. (त्याला कधीही हात लावू नका. दुसऱ्या राउटरचं एआरटी तुमच्या कामाचं नाही.) उरले 3904 केबी. त्यात कर्नेल (प्रणालीचा गाभा), त्याच्या मागे स्क्वॉशएफएस (प्रणालीच्या फाइलींचा दाबून बांधलेला गठ्ठा), आणि जे काही उरेल त्यात तुमचं ओव्हरले.

स्क्वॉशएफएस म्हणजे टॅब तोडलेली कॅसेट समजा. वाजते, पण तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. तुम्ही पीपीपी ‘काढलं’ तेव्हा ते तिथून निघालंच नाही. ओव्हरलेत फक्त एक खूण झाली की ही फाइल आता दाखवू नका. ती खूण लिहायलाही जागा गेली. त्याहून मोठा खर्च पॅकेजांच्या नोंदवहीचा. ओपीकेजी (पॅकेजं घालणारा-काढणारा प्रोग्राम) ती ‘स्टेटस’ नावाच्या एका फाइलीत ठेवतो. पहिल्यांदा काहीही घाला वा काढा, ती अख्खी फाइल स्क्वॉशएफएसमधून उचलून ओव्हरलेत येते. एक ओळ बदलली तरी पूर्ण फाइल. म्हणून जागा कमी झाली.

वर जेएफएफएस2 ला (ओव्हरलेत लिहायची फाइल-व्यवस्था) स्वतःची झाडलोट करायला 64 केबीचे पाच मोकळे ब्लॉक लागतात, म्हणजे 320 केबी. तुमच्या 384 केबीचे सहाच ब्लॉक होतात. त्यामुळे तुम्ही पहिल्यापासून काठावर होतात. वायरलेसची फाइल शून्य झाली तीही यामुळेच: जुना मजकूर पुसला गेला आणि नवा लिहायला जागा नव्हती. पाच ब्लॉकांहून लहान ओव्हरले असेल तर राउटर ते लावतच नाही, सगळं तात्पुरतं रॅममध्ये ठेवतो, आणि लाइट गेली की पाटी कोरी.

आता उपाय. चालू राउटरवर एकही पॅकेज टाकायचं नाही. जे हवं ते इमेजमध्येच (राउटरवर चढवायची अख्खी प्रणाली असलेली फाइल) बसवून आणायचं. त्यासाठी ओपनडब्ल्यूआरटीचा इमेज बिल्डर आहे, 64 बिटच्या लिनक्सवर चालतो. 18.06 चाच, एआर71एक्सएक्स (तुमच्या राउटरच्या चिपची जात) ‘टायनी’चा, म्हणजे कमी फ्लॅशच्या राउटरांसाठीचा घ्या. तो पायथन 2 मागतो, नव्या उबुंटूवर वेगळा टाकावा लागेल. इमेजमध्ये बसवलेलं पॅकेज स्क्वॉशएफएसमध्ये घट्ट दाबलं जातं, तेच पॅकेज नंतर टाकलं तर ओव्हरलेत जास्त जागा खातं. आणि इमेज बनवताना वगळलेलं पॅकेज खरोखर वगळलं जातं.

तुमच्या बाबतीत एक मोठी सोय आहे. हा राउटर घराच्या आतला, पुढच्याला तारेने जोडलेला. आयपी पत्ते वाटायचं काम पुढचाच करतो. म्हणजे पीपीपी, आयपीव्ही6, डीएनएसमास्क (पत्ते वाटणारं), फायरवॉल, आयपीटेबल्स (फायरवॉलचंच सामान), लूसी (ब्राउझरमधलं सेटिंगचं पान), यांतलं काहीही इथे लागत नाही. बेधडक वगळा. ठेवायचं ते ड्रॉपबेअर (नाहीतर आत शिरता येणार नाही) आणि डब्ल्यूपॅड-मिनी (ते गेलं की वायफायचा पासवर्डच चालणार नाही. मी एकदा नजरचुकीने वगळलं होतं, अख्खा रविवार गेला). घालायचं ते यूएसबी-स्टोरेज, ईएक्सटी4, ब्लॉक-माउंट आणि यूएचटीटीपीडी. यूएचटीटीपीडी एरवी लूसीबरोबर येतो, लूसी वगळलंत की त्याचं नाव मुद्दाम लिहावं लागतं.

सांबा किंवा मिनीडीएलएनएच्या (फाइली आणि गाणी वाटणारे मोठे प्रोग्राम) मागे लागू नका. रॅम 32 एमबीच आहे, 74 कॅसेटींची यादी करतानाच बिचारा गुदमरेल. यूएचटीटीपीडी हा इवलासा वेब सर्व्हर आहे. पेनड्राइव्हवरच्या फोल्डरचा दुवा त्याच्या फोल्डरमध्ये ठेवला की आत्याबाईंना टॅबच्या ब्राउझरमध्ये यादी दिसेल, नावावर बोट ठेवलं की गाणं सुरू.

पेनड्राइव्हचे दोन भाग करा. पहिला 512 एमबीचा, तो ओव्हरलेच्या जागी लावायचा, याला एक्स्ट्रूट म्हणतात. सेटिंग सगळी मग तिथे जाईल, 384 केबीची कटकटच संपली. दुसऱ्या भागात बाबांचं गाणं. तो फक्त वाचण्यापुरता माउंट करा, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी त्यावर लिहिणं चालू नसेल आणि बिघडायचा प्रश्न नाही.

एफएसटॅबची फाइल (पेनड्राइव्हचा कोणता भाग कुठे लावायचा ते सांगणारी) इमेज बिल्डरच्या ‘फाइल्स’ फोल्डरमध्ये आधीच ठेवून द्या. इमेज 3904 केबीत बसत नसेल तर बिल्डर स्वतःच ‘फार मोठी’ म्हणून थांबतो, त्यामुळे राउटर बिघडायची भीती नको. काही अडलं तर इथेच विचारा.

जुनं_यंत्र_बडोदे

इंदूरच्या दादांनी सांगितलेलंच आधी करा. पण जागेचं मूळ दुखणं काढायचं तर चिपच बदलता येते. आत आठ पायांची 25क्यू32 जातीची चिप असते. तिच्या जागी विनबाँडची 25क्यू128, म्हणजे 16 एमबीची, तशीच बसते. मी माझ्या दोन राउटरांना केलंय.

त्याआधी जुनी चिप प्रोग्रामरने (चिप वाचायचं-लिहायचं यंत्र) वाचून घ्यायची, दोनदा, आणि दोन्ही फाइली जुळतात का पाहायचं. जुळल्या नाहीत तर चिमटा नीट बसलेला नाही, पुढे जाऊ नका. शेवटचे 64 केबी वेगळे काढून नव्या चिपच्या अगदी शेवटी ठेवायचे. बाजारात मिळणाऱ्या काळ्या सीएच341ए प्रोग्रामरच्या डेटाच्या तारांवर 5 व्होल्ट येतात, चिप 3.3 व्होल्टची असते, तेवढं आधी दुरुस्त करून घ्या. आणि नेहमीची इमेज 4 एमबीच्याच मापाची असते, 16 एमबी दिसायला इमेजही त्या मापाने बांधावी लागते.

आता माझं खरं मत. डाग द्यायची (सोल्डरिंगची) सवय नसेल तर ताईंनी यात पडू नये. चिप वाढली तरी रॅम 32 एमबीच राहते, आणि तुमचं काम पेनड्राइव्हवर होतंय.

नेटचा_पहारा

थोडकंच, पण महत्त्वाचं. 18.06 ची शेवटची आवृत्ती डिसेंबर 2020 ला आली, त्यानंतर दुरुस्त्या बंद. वायफायमधल्या ‘फ्रॅगअटॅक्स’ नावाच्या त्रुटी मे 2021 मध्ये उघड झाल्या, म्हणजे त्या यात बुजलेल्या नाहीत. 21.02 पासून ओपनडब्ल्यूआरटीला किमान 8 एमबी फ्लॅश आणि 64 एमबी रॅम लागते, त्यामुळे तुम्हाला तिथपर्यंत जाता येणार नाही. हा राउटर इंटरनेटच्या तोंडावर कधीही बसवू नका, पुढच्या राउटरच्या मागेच राहू द्या. बँकेची कामं पुढच्या वायफायवरून करा. आणि पुढे कधी नवा घ्याल तेव्हा 16 एमबी फ्लॅश, 128 एमबी रॅमच्या खाली घेऊ नका.

गानवर्ग_लष्कर

सगळ्यांचे मनापासून आभार. टॅब तोडलेल्या कॅसेटीवरून मला एका क्षणात कळलं. बाबांच्या सगळ्या कॅसेटींच्या टॅब मीच तोडल्या होत्या, कुणी चुकून वर काही रेकॉर्ड करू नये म्हणून.

शाळेतल्या एका विद्यार्थिनीच्या भावाकडे उबुंटूचा लॅपटॉप होता, त्याच्याबरोबर बसून इमेज बनवली. पहिल्या खेपेला ‘फार मोठी’ म्हणून थांबलं, आयपीटेबल्स वगळायचं राहिलं होतं. दुसऱ्या खेपेला बसली. राउटरवर चढवली, पेनड्राइव्ह लावला, डीएफ केलं तर ओव्हरलेसमोर 384 केबीऐवजी पाचशेच्या आसपास एमबी! मी आत्याला हाक मारून दाखवलं. तिला आकडा कळला नाही, पण माझा चेहरा बघून हसली.

एक अडचण उरली आहे. हाताने बंद-चालू केला तर सगळं ठीक. पण काल लाइट जाऊन आली तेव्हा पेनड्राइव्ह लागलाच नाही, नुसता मूळ राउटर उठला. वायफायचं नावही ओपनडब्ल्यूआरटीचं. पुन्हा बंद-चालू केल्यावर आला. असं का होत असेल?

खटपट_इंदूर

ताई, काही पेनड्राइव्ह जागे व्हायला वेळ घेतात. राउटर तोपर्यंत थांबत नाही, आतल्या ओव्हरलेवर उठून मोकळा होतो. एफएसटॅबच्या ‘ग्लोबल’ भागात ‘डिले_रूट’ नावाचा पर्याय आहे, त्यात 15 लिहा, म्हणजे पेनड्राइव्ह दिसेपर्यंत तो पंधरा सेकंद वाट पाहील. मात्र ही ओळ इमेजमधल्या एफएसटॅबमध्ये हवी. पेनड्राइव्हवरच्या फाइलीत लिहून उपयोग नाही, कारण त्या वेळी पेनड्राइव्ह सापडलेलाच नसतो. इमेज पुन्हा बनवा, दहा मिनिटांचं काम आहे. चढवल्यावर पेनड्राइव्हचा पहिला भाग एकदा पुसून घ्या, नाहीतर जुन्या इमेजची खूण पाहून राउटर तो लावायला नकार देईल. गाण्याच्या भागाला धक्का लागणार नाही, पण मूळ रेकॉर्डिंगची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी आहे ना? नसेल तर आधी ती करा.

गानवर्ग_लष्कर

प्रती दोन आहेत, एक माझ्या संगणकावर, एक भाच्याकडे बंगळूरला.

डिले_रूट घातलं, इमेज परत चढवली, पहिला भाग पुसला. मग मुद्दाम मुख्य स्विच पाच वेळा बंद करून चालू केला. पाचही वेळा पेनड्राइव्ह लागला. परवा खरोखरची लाइट गेली, दीड तास. आल्यावर मी भांडी घासत होते, मागच्या खोलीतून बाबांचा भूप ऐकू आला. आत्याने स्वतःच लावला होता, मला न विचारता. मध्ये तबल्यावर बसलेल्या काकांचं खोकणंही तसंच ऐकू येतं. मी नळ बंद करून तिथेच उभी राहिले.