स्लीपिंग पार्टनर: जबाबदारी किती आणि बाहेर पडायचं कसं?

मधलीसुट्टी
मावसभाऊ इचलकरंजीत यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान काढतोय. भांडवल 20 लाख, त्यातले माझे 8. नफ्यात माझा वाटा 25 टक्के. दुकान तोच बघणार, मी नोकरीमुळे पुण्यात. त्याचं म्हणणं, "तू नुसता स्लीपिंग पार्टनर, फार तर 8 लाख जातील, त्यापुढे तुला झळ नाही." करारनामा 500 च्या स्टॅम्पवर करू, नोंदणी नंतर बघू, असंही म्हणतोय. हे बरोबर आहे का?

तारीखपेतारीख
भावाची समजूत चुकीची आहे. 1932 च्या भागीदारी कायद्यात अशा भागीदाराला वेगळी सवलत नाही. गल्ल्यावर कोण बसतं हा तुमच्या दोघांतला मामला, घेणेकऱ्याला त्याच्याशी घेणंदेणं नाही. कलम 25 वाचा: फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रही जबाबदार आणि एकटाही.

समजा, व्यापाऱ्यांची 30 लाखांची उधारी थकली आणि माल विकून, येणी वसूल करून 10 आले. उरलेल्या 20 साठी व्यापारी सरळ तुमच्यावर दावा लावू शकतो, आणि तोही पूर्ण 20 चा. तुम्ही भरलेत तर भावाच्या वाट्याचे 15 त्याच्याकडून मागता येतात. पण त्याच्याकडे काही शिल्लक असतं तर व्यापारी तुमच्या दारात कशाला आला असता? "तोटा मी सोसणार नाही" असं कलम करारात घातलंत तरी ते फक्त तुम्हा दोघांना बांधील, बाहेरच्याला नाही.

स्टॅम्प भांडवलाच्या प्रमाणात लागतो, 20 लाखांना 500 पुरणार नाहीत. कमी स्टॅम्पचा कागद तूट आणि दंड भरल्याशिवाय कोर्ट पुराव्यात घेत नाही. नोंदणी नसेल तर फर्मला उधारीवाल्यावर दावा लावता येत नाही. महाराष्ट्रात तर 1984 च्या दुरुस्तीमुळे हिशेब मागण्याचा दावाही अडतो.

रोजमेळ
शेवटचं वाक्य दुरुस्त करतो. त्या दुरुस्तीने आलेलं कलम 69(2अ) सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये घटनाबाह्य ठरवलं. आता फर्म विसर्जित करून हिशेब मागण्याचा दावा बिननोंदणीच्या फर्मचा भागीदारही लावू शकतो. मात्र दुकान चालू असताना "यंदाचा वाटा दे" म्हणून कोर्टात जायचं तर नोंदणी हवीच.

आता कराचं. फर्म नफ्यावर 30 टक्क्यांनी कर भरते (सेस वेगळा), म्हणून तुमच्या हातात आलेला नफ्याचा वाटा करमुक्त. भांडवलावर व्याज घ्या, पण ते करारात लिहिलेलं हवं आणि फर्मला खर्च म्हणून 12 टक्क्यांपर्यंतच चालतं. 8 लाखांवर वर्षाला 96,000. हे व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जातं, आणि वर्षाला 20,000 च्या वर गेलं की 1 एप्रिल 2025 पासून फर्मने 10 टक्के टीडीएस कापायचा असतो. पगार मात्र काम करणाऱ्या भागीदारालाच. तुमच्या नावे दाखवला तर तो खर्च अमान्य होतो.

भांडणं होतात ती बहुतेक भावाच्या पगारावरून आणि उचलीवरून. तुम्ही लांब, तो गल्ल्यावर. पगार वाढवत नेला की नफा उरतच नाही आणि तुमचे 25 टक्के शून्याचे. म्हणून पगाराचा आकडा, महिन्याची उचल आणि "इतक्या रकमेपुढचं कर्ज किंवा उधारी दोघांच्या सहीशिवाय नाही" हे आधीच लिहा. बँक खात्याचे एसएमएस स्वतःच्या मोबाइलवर घ्या. वह्या बघायचा हक्क कायद्यानेच आहे, त्यात लाजायचं काही नाही.

अवांतर: नोकरी राज्य सरकारची असेल तर 1979 च्या वर्तणूक नियमांनुसार आधी परवानगी लागते. बायकोच्या नावावर करू म्हणणारे पुष्कळ भेटतात. मग वर लिहिलेली सगळी जबाबदारी तिच्या डोक्यावर जाते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

मधलीसुट्टी
नोकरी खासगी आहे. मग एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) केली तर? की सरळ कर्ज देऊ? आणि नंतर बाहेर कसं पडायचं?

खतावणी
एलएलपीत तुमची जोखीम भांडवलापुरती. पण दुकान बंद असलं तरी दरवर्षी फॉर्म 11 (30 मेपर्यंत) आणि फॉर्म 8 (30 ऑक्टोबरपर्यंत) भरावाच लागतो, उशिराला दंड. शिवाय सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीचं बँक कर्ज) काढताना बँकेने वैयक्तिक हमी मागितली आणि तुम्ही सही केलीत, तर एलएलपीचा आडोसा तेवढ्या रकमेपुरता संपला.

दुकानाशी देणंघेणं नको आणि व्याजावर समाधान असेल तर कर्ज बरं. रक्कम बँकेतूनच द्या, व्याजदर आणि फेडीची तारीख लेखी घ्या. वसुलीच्या दाव्याला तीनच वर्षांची मुदत असते, ती संपायच्या आत भावाची बाकी कबूल केल्याची सही घेत राहा.

तारीखपेतारीख
69(2अ) बद्दल रोजमेळ यांचं बरोबर.

बाहेर पडताना नुसता निवृत्तीचा करारनामा पुरत नाही. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे कळवा, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या मराठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. तुम्ही भागीदार आहात हे ज्याला माहीतच नव्हतं, त्याच्यापुरती नोटिशीवाचूनही सुटका आहे, पण नोंदणीत नाव असताना त्या भरवशावर राहू नका. जीएसटी आयुक्तांना एक महिन्याच्या आत लेखी कळवा. नाही कळवलंत तर कळवाल त्या तारखेपर्यंतचा कर, व्याज, दंड तुमच्याही अंगावर. आणि बँकेकडून हमी सोडल्याचं पत्र हातात घ्या. मागची देणी तरीही उरतातच, त्यासाठी निवृत्तीच्या तारखेचा ताळेबंद आणि घेणेकऱ्यांची यादी भावाच्या सहीनिशी करारनाम्याला जोडून घ्या.