उन्हवऱ्याच्या (ता. दापोली) गरम पाण्याच्या कुंडाजवळ तंबू: कातळात खुंट्या?

प्रश्न: पुण्याहून ताम्हिणीमार्गे चौघं जातोय. कातळात खुंटी शिरेल का?

उत्तर १: वाकेल. डोम तंबू घ्या, म्हणजे खुंट्यांशिवाय स्वतःच्या कमानींवर उभा राहणारा. दोरी फूटभर काठीला बांधा, काठी आडवी ठेवून तिच्यावर ८-१० किलोचे धोंडे रचा. दोरी थेट दगडाला गुंडाळली की वाऱ्याने घासून तुटते. कुंडाला खेटून तर नकोच, वाफेने तंबू आतून ठिबकतो. जागा गावात विचारून घ्या.

उत्तर २: उगमाचं पाणी ७० अंशांच्या आसपास, त्यात पाय नको! न्हाणीतही १० मिनिटं पुरे. चांदी काढून ठेवा, गंधकाने काळी पडते. प्यायला माणशी ४ लिटर वेगळं.

प्रश्नकर्ता: खाली ज्वालामुखी जिवंत आहे?

उत्तर २: छे! दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तापून वर येतं.