बालीच्या देवळात सारोंग कसे नेसावे : आपल्या ग्रुपवरील चर्चा

ए-४०३ : नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही चौघे बालीला जात आहोत आणि तेथील देवळांत सारोंग नेसल्याशिवाय प्रवेश मिळत नाही, असे कळले. बी-५०२ मधले काका नोकरीनिमित्त जावा बेटावर सहा वर्षे होते, म्हणून त्यांनाच विचारते. काका, गाठ नेमकी कशी मारायची आणि बायकांची पद्धत वेगळी असते का?

सी-१०१ : ताई, त्यात विचारण्यासारखे काय आहे? आमच्या कोकणात लुंगी नेसायला कोणी शिकवत नाही.

बी-५०२ : ताई, गाठीचा विचार आधी बाजूला ठेवा, कारण सारोंग गाठीवर टिकत नाही, घट्ट ओढून घेतलेल्या घडीवर टिकते. मलय भाषेत ‘सारुंग’ म्हणजे म्यान किंवा गवसणी, आणि खरे सारुंग तसेच असते : दोन्ही टोके जोडून शिवलेली, साधारण दोन मीटर घेराची नळी. जावातले पुरुष तिच्यात उभे राहतात, सगळा सैल भाग एका अंगाला ताणतात, तो पोटावरून दुसऱ्या अंगाला आणून घडी घालतात आणि वरची कड बाहेरच्या बाजूने दोन-तीनदा गुंडाळत खाली आणतात. कमरेभोवती जी वळी तयार होते, तीच पट्ट्याचे काम करते. गुंडाळताना पोट आत ओढून धरायचे असते हे मला कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी अंगणात मोटारसायकलवर टांग टाकली आणि सारुंग जमिनीवरच राहिले. घरमालकीणबाईंनी तोंड फिरवले, त्यांच्या नातवाने मात्र फिरवले नाही. आत अर्धी चड्डी होती, एवढेच नशीब.

बालीतले कापड निराळे. तेथे देवळासाठी नेसतात त्याला ‘कामेन’ म्हणतात आणि ते शिवलेले नसते, आपल्या पंच्यासारखे उघडे असते. पुरुष ते मागून पुढे घेऊन डावे टोक उजवीकडे नेतात आणि उरलेला सोगा पुढे असा चुणून सोडतात, की त्याचे टोक दोन्ही पावलांच्या मध्ये जमिनीला जवळजवळ टेकते. बायका नेमक्या उलट बाजूने, उजवे टोक डावीकडे नेऊन, सपाट आणि घट्ट गुंडाळतात. दोघांनाही वरून कमरेला शेला बांधावा लागतो, आणि उघडे कापड खरे तर तोच धरून ठेवतो. शेल्याशिवाय देवळातला पोशाख पुरा होत नाही. शरीराचा वरचा पवित्र भाग आणि खालचा भाग यांमधली ती सीमा, असे तेथे मानतात.

ए-४०३ : म्हणजे बायकांनी साडीसारख्या निऱ्या घालायच्या नाहीत?

बी-५०२ : बालीत नाहीत. निऱ्या पाहायच्या तर जावातल्या योग्यकार्ता किंवा सुराकार्ता या दरबारी शहरांत. तेथील बाटिकचे लांब कापड सुमारे अडीच मीटरचे असते आणि त्याच्या एका टोकाला बोट-दोन बोटे रुंदीच्या निऱ्या आदल्या दिवशीच घालून, चिमट्यात धरून दाबून ठेवतात. निऱ्यांची संख्या विषम ठेवण्याची रीत आहे. आपल्या साडीच्या निऱ्या मध्ये खोचल्या जातात; त्यांच्या निऱ्या सर्वांत वरच्या पदरावर, अगदी काठाला येतात, त्यामुळे पाऊल टाकले की त्या पंख्यासारख्या किंचित उघडतात आणि थांबले की मिटतात. मी एका लग्नात जेवणाचे ताट हातात घेऊन तेच पाहत उभा राहिलो होतो.

ए-२०४ : गोव्याला समुद्रावर परदेशी बायका सारोंग गळ्यामागे बांधतात, ती पद्धत कोणती?

बी-५०२ : ती पर्यटकांची. कापड पाठीमागून घेऊन दोन कोपरे काखेखालून पुढे आणायचे, छातीवर एकमेकांवरून ओलांडायचे आणि मानेमागे गाठायचे. देवळात तिचा उपयोग नाही.

सी-१०१ : काका, आमच्या रत्नागिरीत १९१६ साली मरेपर्यंत नजरकैदेत राहिलेला थिबा राजा ब्रह्मदेशाचा. ते लोकही लुंगीच नेसतात ना?

बी-५०२ : त्याच्या पिढीतले दरबारी पुरुष लांब, उघडे कापड नेसत. शिवलेली लोंजी, म्हणजे त्यांची लुंगी, तेथे सर्रास झाली ती इंग्रजी अमदानीत. पुरुष तिचे दोन्ही बाजूंचे सैल भाग पोटावर आणतात, एकमेकांत पीळ देतात आणि टोक आत खोचतात. दिवसातून कितीदा तरी, भर रस्त्यात बोलता बोलता, ती सोडून पुन्हा बांधतात. बायका मात्र घडी एका बाजूला खोचतात, पुढे गाठ ठेवत नाहीत. तेव्हा लुंगी येते म्हणून सारोंग येईलच, या भरवशावर राहू नका. आपली सवय गाठीची आहे आणि बालीतल्या उलुवातूच्या देवळात एक हात चष्म्यावरच ठेवावा लागतो, कारण तेथील माकडे चष्मे पळवण्यात पटाईत आहेत.

ए-४०३ : काका, वाचून सगळे समजले, पण यजमान म्हणतात की ते पट्टा लावणार.

बी-५०२ : लावू द्या, तिकडेही काही जण आतून पट्टा बांधतातच. तरी रविवारी सकाळी १० वाजता मी दोन सारुंगे, एक कामेन आणि शेला घेऊन गच्चीवर येतो. यजमानांना अर्ध्या चड्डीवर पाठवा, आणि सी-१०१ यांनीही यावे.

सी-१०१ : येतो. लुंगी नेसूनच येतो.