मदत हवी आहे : टॅलीवाल्याने आता पुढे काय शिकावं?

सांगली मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानांची अकाउंट्स बघतो. बी.कॉम., टॅलीवर नऊ वर्षं. आता बिलाचा फोटो काढला की एआय एंट्री तयार करून देतं, त्यामुळे मालकांनी परवा सरळच विचारलं, "मग तुमचं काम काय उरलं?"

मी स्वतः करून पाहिलं. छापील बिलं चॅटजीपीटी नीट वाचतं. हाताने लिहिलेल्या हिशोबपट्ट्यांवर मात्र हमाली, तोलाईच्या रकमा गडबडतात, मराठी १ आणि ९ मध्ये तर हमखास. (आमच्या दिवाणजींचं अक्षर मलाही लागत नाही, ते सोडा.) जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारं विवरण) आणि आमची खरेदी यांची जुळवणी एक्सेलच्या पॉवर क्वेरीत (डेटा आपोआप जोडून घ्यायची सोय) बसवली, दोन दिवसांचं काम तासावर आलं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा यूट्यूबवर शिकायला सुरू केली, लूपपाशी (तीच कृती पुन्हा पुन्हा करून घेणारा कोड) अडकलो.

रोज रात्री दीड तास मिळतो, खर्च दहा हजारांपर्यंत. पुण्याला जाणं जमणार नाही. पार्टीचा डेटा फुकटच्या टूलमध्ये टाकायचा नाही, हे पक्कं. "एआय कोर्स करा" एवढंच कृपया सांगू नका.

पुढच्या सहा महिन्यांत पायथन रेटू, की ते सोडून जीएसटी नोटिसांची उत्तरं आणि ऑडिटची कामं शिकू? हा बदल प्रत्यक्ष केलेल्यांनी सुरुवात कुठून केली?